डिफेन्स बीटवरचं पहिलं वर्ष : मराठी टीव्ही प्रतिनिधीसाठी

मराठी वाहिनीत डिफेन्स ही स्वतंत्र बीट, म्हणजे प्रतिनिधीला नेमून दिलेला बातम्यांचा विषय, क्वचितच असते. पुण्यात क्राइम बघणाऱ्या, नाशकात कांदा-द्राक्षं बघणाऱ्या, नागपुरात अधिवेशन बघणाऱ्या प्रतिनिधीच्या गळ्यात ती एके दिवशी पडते. कधी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं म्हणजे एनडीएचं दीक्षान्त संचलन असतं, कधी देवळालीत तोफांचं प्रात्यक्षिक. नाहीतर रात्री उशिरा डेस्कवरून फोन येतो, की साताऱ्याच्या एका जवानाला काश्मीरमध्ये वीरमरण आलंय, सकाळी गावात पोहोच. हा लेख त्या प्रतिनिधीसाठी आहे.

आधी एक शंका मिटवू, कारण पत्रकारितेचे विद्यार्थी ती हमखास विचारतात : सैन्यात राहून टीव्ही पत्रकारिता करता येते का? अमेरिकेत येते. तिथे सैनिक म्हणून भरती व्हायचं, मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला डिफेन्स इन्फर्मेशन स्कूलमध्ये कॅमेरा-एडिटिंग शिकायचं आणि परदेशातल्या तळांवरच्या सैनिकांसाठी चालणाऱ्या अमेरिकन फोर्सेस नेटवर्कवर बातम्या द्यायच्या, अशी गणवेशातली नोकरीच आहे. आपल्याकडे असा वेगळा ट्रेड नाही. इथे माध्यमांशी बोलणारा माणूस म्हणजे जनसंपर्क अधिकारी, आपल्या भाषेत पीआरओ. तो तिन्ही दलांपैकी एखाद्यातून त्या कामावर आलेला अधिकारी असतो, किंवा यूपीएससीतून भारतीय माहिती सेवेत गेलेला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय पण गणवेश घालायचा नाही, तर वाहिनीतून ही बीट करणं हाच मार्ग.

पहिलं काम : आपल्या भागात काय आहे ते पाठ करा

महाराष्ट्रात लष्कर म्हणजे फक्त सीमेवरचं लष्कर नाही. पुण्यात दक्षिण मुख्यालय म्हणजे सदर्न कमांड, खडकवासल्याला एनडीए, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, वानवडीला सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे एएफएमसी. लोहगावला हवाई दलाची सुखोई विमानं. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं स्कूल, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. अहिल्यानगरला रणगाड्यांचं केंद्र, नागपूरला हवाई दलाची मेंटेनन्स कमांड, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं केंद्र. मुंबईत नौदलाची पश्चिम कमांड, लोणावळ्याला नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आयएनएस शिवाजी, गोव्यात दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र मात्र बेळगावला, त्यामुळे बेळगावचा स्ट्रिंगर (बातमीगणिक काम करणारा वार्ताहर) आणि कोल्हापूरचा प्रतिनिधी यांनी एकमेकांचे नंबर ठेवलेच पाहिजेत.

ही यादी कामाला येते ती फोन करताना. नवखा माणूस प्रत्येक गोष्टीसाठी डिफेन्स पीआरओला फोन लावतो आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकून अर्धा तास घालवतो. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. आयुध निर्माणी लष्कराची नाही. ऑक्टोबर 2021 पासून जुन्या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटल्या गेल्या आहेत आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे. तिचं मुख्यालय पुण्यात आहे, तेव्हा प्रतिक्रिया तिथे मागायची. याउलट मे 2016 मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावला जिथे आग लागली तो दारूगोळा डेपो लष्कराचाच. कॅन्टोन्मेंटमधलं पाणी, रस्ते, अतिक्रमण हे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. माजी सैनिकांचे प्रश्न जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. भरती मेळाव्याची माहिती सैन्य भरती कार्यालयात. ज्याच्या खात्यात बातमी, त्यालाच फोन.

मुंबई, पुणे, नागपूर इथे संरक्षण मंत्रालयाच्या जनसंपर्क विभागाची कार्यालयं आहेत. तिथे काही काम नसताना एकदा जाऊन या. चहा घ्या, आपलं कार्ड द्या, वाहिनीचं अधिकृत पत्र द्या, माध्यमांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर घालून घ्या. अधिकारी काही वर्षांनी बदलतो, तेव्हा पुन्हा जा. बातमी पेटल्यावर पहिल्यांदा फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला तो ‘प्रेस रिलीज येईल’ एवढंच सांगणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

हुद्दे : इथे चुकलात तर प्रेक्षक सोडत नाहीत

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांत घरटी सैनिक असतो आणि तुमची बातमी बघणारा प्रत्येक निवृत्त सुभेदार तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. टिकरवर, म्हणजे पडद्याखालच्या पट्टीत, हुद्दा चुकला की पहिला फोन तिथून येतो.

नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा वरचा. लेफ्टनंट कर्नलला बोलताना ‘कर्नल’ म्हणतात, म्हणून नावाच्या पट्टीत कर्नल लिहायचं नाही. नौदलाचा कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्करातला कॅप्टन त्याहून बराच खालचा. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकारी. त्यांना सरसकट ‘जवान’ म्हटलं की त्यांना खटकतं. हवाई दलात स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन असा चढता क्रम. कंपनी साधारण शंभर-सव्वाशे माणसांची, बटालियन आठशेच्या आसपास. त्यामुळे ‘बटालियनच्या दहा जणांच्या तुकडीने’ असं कोणी सांगितलं तर तो सेक्शन असेल, हे आपल्याला कळायला हवं.

शौर्यपदकांचंही तसंच. परमवीर, महावीर, वीर ही युद्धातली चक्रं. अशोक, कीर्ती, शौर्य ही शत्रूसमोरच्या लढाईखेरीज दाखवलेल्या शौर्यासाठी. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी संध्याकाळी यादी येते आणि डेस्क तुम्हाला ‘आपले किती?’ एवढंच विचारतो. यादीत जिल्हा असेलच असं नाही. आडनावावरून ‘महाराष्ट्राचा सुपुत्र’ ठरवू नका. बेळगाव, इंदूर, बडोदा इथलीही आडनावं मराठीच असतात.

एनडीएच्या बातमीत तर ठरलेली चूक आहे : ‘आज इतके अधिकारी देशसेवेत दाखल.’ नाही. एनडीएतून तीन वर्षांनी छात्र बाहेर पडतात. पुढे डेहराडून (लष्कर), एळिमला (नौदल) किंवा डुंडिगलला (हवाई दल) प्रशिक्षण घेऊन मग ते अधिकारी होतात. 30 मे 2025 ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या 17 जणींच्या बाबतीतही हेच.

आत शिरताना

प्रवेशासाठी नावं, आधार क्रमांक, गाडीचा नंबर, कॅमेऱ्याचा मेक हे सगळं आधी मागतात. पाठवताना कॅमेरामनचं नाव आधारवर जसं आहे तसंच पाठवा. गेटवरचा जवान ‘साहेब ओळखतात मला’ या वाक्याने हलत नाही. आयत्या वेळी कॅमेरामन बदलला तर ताबडतोब कळवा. सकाळी साडेसहाचं संचलन असेल तर सव्वापाचला गेटवर असा. गेट बंद झालं की बंद. कपडे साधे, बूट बंद, लष्करी छापाचं जाकीट किंवा टोपी तर अजिबात नाही.

मोबाइल बाहेर ठेवायला सांगतील त्या ठिकाणी मोबाइल बाहेर ठेवा. म्हणजेच लाइव्ह बॅकपॅक (मोबाइल नेटवर्कवरून थेट चित्र पाठवणारं यंत्र), त्यातली सिमकार्डं यांची परवानगी वेगळी मागायची. ड्रोन घरी. लष्करी ठिकाणांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि नौदलाने तर आपल्या तळांभोवती तीन किलोमीटरची हद्दच जाहीर केलेली आहे. पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या धावपट्टीवर चालतो, दाबोळीचा नौदलाच्या. तिथे विमानात बसल्याबसल्या खिडकीतून ‘काय सुंदर सुखोई’ म्हणून काढलेला व्हिडिओ हा 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याशी खेळ ठरू शकतो.

आत गेल्यावर एस्कॉर्ट दिलेला असतो. तो सांगेल तिथेच कॅमेरा लावा, आणि कुठली फ्रेम चालणार नाही हे आधीच विचारून घ्या. जहाजावर अँटेना आणि रडार, तळावर पहारा चौक्या आणि गेटची रचना, नियंत्रण कक्षात स्क्रीन आणि भिंतीवरचे नकाशे. टेप तपासायला मागितली तर वाद न घालता दाखवा. हटवायला सांगितलं तर कारण विचारा आणि डेस्कला कळवा.

आवाज आणि कॅमेरा

तोफेच्या प्रात्यक्षिकात नवखे कॅमेरामन ऑटो ऑडिओ ठेवतात. पहिल्या धमाक्याने लेव्हल कोसळते आणि मागून येणारं सगळं निवेदन गायब होतं. लेव्हल हाताने खाली ठेवा, दुसऱ्या चॅनलवर आणखी खाली. कानात इअरप्लग हवेतच. तोफ दीड किलोमीटरवर असेल तर ज्वाळा दिसल्यावर आवाज यायला चार सेकंदांपेक्षा जास्त लागतात. पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून निवेदन, देताना ज्वाळा दिसली की बोलणं थांबवा, आवाज येऊ द्या, मग पुढचं वाक्य बोला. हे जमलं की तुकडा एकदम जिवंत होतो. एडिटरला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ‘सिंक गेलाय’ म्हणून आवाज ओढून ज्वाळेवर बसवतो.

हेलिकॉप्टरजवळ माइकवर फर असलं तरी वारा मारतोच. तिथे बाइट (कॅमेऱ्यावरची प्रतिक्रिया) घेऊच नका. शंभर पावलं लांब न्या. संचलनात सर्वांत मोलाचा असतो नैसर्गिक आवाज : बुटांचा ठेका, हुकूम, बँड. त्यावर तुमचा व्हॉइस ओव्हर लादू नका. एनडीएत छात्र ‘अंतिम पग’ ही शेवटची पायरी ओलांडतानाचा शॉट एकदाच मिळतो. त्यासाठी दुसरा कॅमेरा नसेल तर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा शेवट सोडा. भाषण लेखी मिळतं.

बाइट फक्त ज्याला बोलायची परवानगी आहे त्याचाच. सेवेतल्या सैनिकाने परवानगीशिवाय माध्यमांशी बोलणं लष्कराच्या नियमांत बसत नाही. सुट्टीवर गावी आलेला जवान पारावर मोकळेपणाने बोलेल, चेहरा दाखवायलाही तयार होईल. तुम्ही तो बाइट लावलात तर तुमचं दोन मिनिटांचं पॅकेज होईल आणि त्याची चौकशी. माहिती म्हणून ऐका, त्याचं नाव-चेहरा पडद्यावर आणू नका.

लाइव्हची मर्यादा

26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरत होते आणि ते देशभर लाइव्ह दिसत होतं. सीमेपलीकडून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारेही टीव्ही बघत होते. कसाबच्या अपिलाचा निकाल देताना 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पुढे 2015 मध्ये केबल टीव्ही नियमांत तरतूद आली : दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच. पहलगामनंतर 26 एप्रिल 2025 ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने हेच पुन्हा बजावलं.

नियम सोपा आहे, मोडला जातो तो लहानसहान गोष्टींत. मनमाड किंवा भुसावळ स्टेशनवरून रणगाडे घेऊन जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ एखादा प्रेक्षक पाठवतो. तणावाच्या दिवसांत तो चालवायचा नाही, धूसर करूनही नाही, कारण गाडी कुठून कुठे निघाली हेच गुपित असतं. लाइव्हला उभं राहताना पाठीमागे काय आहे बघा : पाटी, मैलाचा दगड, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर. ‘माझ्या मागे तुम्ही पाहू शकता’ हे आपलं आवडतं वाक्य इथे तोंडातून काढूच नका. आणि सायरनचा आवाज पार्श्वसंगीत म्हणून वापरू नका. मे 2025 मध्ये सरकारने वाहिन्यांना तसं स्पष्ट सांगितलं होतं. खरा सायरन वाजला तेव्हा लोकांनी टीव्हीचा समजून दुर्लक्ष केलं तर?

त्याच मे महिन्यात 8 आणि 9 तारखेच्या मधल्या रात्री अनेक भारतीय वाहिन्यांनी नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचं सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून फिरवली जातात, हेही आता नवं राहिलेलं नाही. अशा रात्री डेस्कचा दबाव प्रचंड असतो : ‘सगळ्यांकडे चाललंय, तुझ्याकडे का नाही?’ उत्तर एकच, ‘पीआरओने किंवा ब्रीफिंगमध्ये दुजोरा दिलेला नाही, मी फोनोवर (फोनवरून थेट प्रक्षेपणात) हे बोलणार नाही.’ हे वाक्य मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे नोंद राहते. लष्करी कारवाईचे महासंचालक 11 मे ला समोर आले आणि त्यांनी सांगितलं, त्यात रात्रभर दाखवलेल्या कित्येक गोष्टी नव्हत्या. एका रात्रीचा टीआरपी मागे पडला म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. या बीटवर टिकतात ते थांबता येणारे.

गावातला अंत्यविधी

महाराष्ट्रात या बीटचं सर्वांत जास्त आणि सर्वांत अवघड काम हेच आहे.

नाव आधी कोणाला कळतं? युनिट कुटुंबाला कळवतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि प्रशासनाला कळतं, तिथून पोलीस पाटील, सरपंच. पण गावात एक पद्धत असते, जी शहरातल्या डेस्कला माहीत नसते. भावाला, चुलत्याला सांगितलेलं असतं. आईला आणि बायकोला ‘जखमी आहे, दवाखान्यात आहे’ इतकंच. पार्थिव गावात येईपर्यंत ते असंच ठेवतात. घरातली केबल काढून ठेवतात, मोबाइल काढून घेतात. आणि शेजारच्या घरात तुमची वाहिनी चालू असते. म्हणून गावात पोहोचलात की आधी सरपंचाला किंवा घरातल्या जाणत्या पुरुषाला बाजूला घेऊन विचारा : ‘दादा, घरी कळलंय का?’ नसेल तर नाव, फोटो, गाव काहीही नाही, आणि हे डेस्कला तुम्हीच ठणकावून सांगायचं. दुसऱ्या वाहिनीने लावलं तरीही.

ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) घरासमोर नाही, चावडीपाशी किंवा शाळेच्या मैदानाजवळ लावा; अंत्यविधी बहुधा तिथेच असतो. घरात कॅमेरा नेऊ नका. वाहिनीचा बूम माइक तर नाहीच. कुणी बोलायला तयार असेल तर बाहेर, ओसरीवर, आणि शक्यतो मित्र, शिक्षक किंवा भाऊ. ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय’ हा प्रश्न माणसाने माणसाला विचारायचा नसतो. ‘शाळेत कसा होता?’, ‘शेवटचा गावात कधी आला होता?’, ‘भरतीची तयारी कुठे करायचा?’ असं विचारलं की लोक बोलतात आणि खरं बोलतात. लहान मुलाच्या हातात झेंडा देऊन सलाम करायला लावणारे उत्साही कार्यकर्ते प्रत्येक गावात असतात. तो शॉट तुम्ही घडवून आणू नका.

क्रम साधारण असा : पुणे, मुंबई किंवा नागपूर विमानतळावर मानवंदना, मग रस्त्याने गाव, घरी अंत्यदर्शन, फुलांनी सजवलेल्या गाडीतून अंत्ययात्रा, लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांची पुष्पचक्रं, हवेत फैरी, बिगुलावर लास्ट पोस्ट, घडी घातलेला तिरंगा कुटुंबाच्या हाती. बिगुल वाजत असताना बोलू नका. अँकरला आधीच सांगा की इथे शांतता राहील, प्रश्न टाकू नकोस. मुखाग्नीचा क्लोजअप नको.

मृत्यूचं कारण युनिटच्या किंवा पीआरओच्या निवेदनातलंच लिहा. चकमक, हिमस्खलन, वाहन अपघात, हृदयविकार यांतलं जे असेल ते. सगळ्यालाच ‘दहशतवाद्यांशी लढताना’ म्हणून टाकायची आपल्याला सवय आहे. लष्कर बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी अशी वर्गवारी करतं आणि कुटुंबाला काय मिळणार ते त्यावर ठरतं. तुमच्या चुकीच्या बातमीवर विसंबून घरच्यांच्या अपेक्षा वाढतात आणि पुढे कार्यालयात त्यांना ऐकून घ्यावं लागतं. ‘शहीद’ हा शब्द लष्कराच्या अधिकृत कागदांत नाही, हे सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. आपल्याकडे ‘वीरमरण’ आहे, ते वापरा.

आणि त्या मैदानावर मंत्र्यांनी, पालकमंत्र्यांनी जे जाहीर केलं, नोकरी, जमीन, स्मारक, रस्त्याला नाव, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच घरी बिनकॅमेऱ्याचं जा. पुढची बातमी तिथे असते, आणि ती करायला बहुतेक वाहिन्या फिरकत नाहीत.

पीआरओच्या पलीकडे

पीआरओ तुम्हाला तोच भाग दाखवणार जो दलाला दाखवायचा आहे. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर तुम्ही त्यांचा कॅमेरा झालात. लष्कर माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे. सुरक्षेला धोका पोहोचवणारी माहिती कलम 8 खाली नाकारतात, पण रिक्त पदं, जमिनी, खर्च, कंत्राटं यांबद्दल विचारता येतं. कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, संरक्षण खात्यावरचे अहवाल संसदेत मांडले जातात, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवालही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे : पेन्शन, अपंगत्व, बढती यांवरचे निकाल तिथे निघतात. ही मराठी घराघरांतली बातमी आहे, आणि ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. चार वर्षांनी परतणाऱ्या मुलांचं काय होतंय, हे बुलढाण्यात, सांगलीत, बीडमध्ये जाऊनच कळेल.

स्टुडिओत निवृत्त अधिकारी बोलवताना त्यांची शाखा विचारा. आयुष्यभर पायदळात काढलेल्या माणसाला हवाई हल्ल्याचं विश्लेषण करायला लावू नका. थोडा अनुभव झाला की संरक्षण मंत्रालयाच्या डिफेन्स करस्पाँडंट्स कोर्ससाठी संपादकांकडून नाव पाठवा. तिन्ही दलांच्या तळांवर नेऊन शिकवतात, आणि हे आतून बघितलेलं दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

कॅलेंडरवर या तारखा लावून ठेवा : 15 जानेवारी लष्कर दिन, 26 जुलै कारगिल विजय दिवस, 8 ऑक्टोबर हवाई दल दिन, 4 डिसेंबर नौदल दिन, 7 डिसेंबर ध्वजदिन, 16 डिसेंबर विजय दिवस, मे आणि नोव्हेंबरअखेर एनडीएचं संचलन. ध्वजदिनाला कलेक्टर ऑफिसातला झेंडा लावतानाचा शॉट सगळेच घेतात. तुम्ही सैनिक कल्याण अधिकाऱ्याला विचारा, मागच्या वर्षी जिल्ह्याला ध्वजनिधीचं उद्दिष्ट किती होतं, पैसे जमले किती आणि कुठल्या खात्याने दिलेच नाहीत.